मौझाच्या घरात बिऱ्हाड

माबेला, जानेवारी २००४

प्रिय क्लिफर्ड,

एकनाथ उद्या पिकअपमधून माती आणि भुसा घेऊन तुमच्या साइटवर निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. तू दर गुरुवारी सुट्टीला घरी येतोस, पण बोलतोस ते त्या गावाबद्दलच. डोंगरउतारावरची अरबांची जुनी मातीची घरं, खजुराच्या खोडांची छतं, घरांमधून वाहणारा फलजचा पाट. सरकारने गाव जपायचं ठरवलंय, तिथे सिमेंट चालत नाही, अॅल्युमिनियमची खिडकी चालत नाही, हे मला आता झोपेतही सांगता येईल. खरं सांगू? मी जळते. बाई असती तर भांडता तरी आलं असतं. भिंतीशी काय भांडू?

गेल्या महिन्यात तू मला तिथे नेलंस, तेव्हा मी खोट काढायच्या तयारीनेच आले होते. पण त्या गार, अरुंद गल्लीत तू नव्या गिलाव्यावरून हात फिरवत चाललास आणि बोलायचाच थांबलास. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या केसांवरून असाच हात फिरवायचास. मी मुद्दाम मागे राहिले.

तिथे एक अरब म्हातारी आपल्या रिकाम्या घराचा उंबरा झाडत होती. मौझा तिचं नाव. खाली मुलाच्या नव्या घरात राहते, पण रोज वर येते. सुनेच्या फरशीच्या स्वयंपाकघरावर तीही माझ्यासारखीच जळते. दुकानदारांकडून शिकलेल्या हिंदीत मला म्हणाली, “तेरा आदमी दीवार अच्छा बनाता है. लेकिन इधर चूल्हा कौन जलाएगा?” तिची मुलं वर यायला तयार नाहीत. कुणाचीच नाहीत. तू जीव लावलास त्या घरांत रात्री एक दिवाही नसतो, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

परवा तू विचारलंस, कंत्राट आणखी दोन वर्षं वाढतंय, घेऊ का? मी उठून भांडी घासायला लागले, तुला वाटलं रुसले. घे. मौझाने तिचं घर आपल्याला राहायला द्यायचं कबूल केलंय. एकनाथमार्फत आमचे निरोप चालू होते. तुमच्या साहेबांनाही तिनेच विचारलं, त्यांना गावात माणसं हवीच आहेत. इथली खोली मी महिनाअखेरीस सोडतेय. शिलाई मशीन आणि भांडी घेऊन येईन. दिवसभर त्या भिंती तुझ्या. पण संध्याकाळी दारातून आत आलास की आधी माझ्याकडे बघायचं.

तुझीच, आणि तुला कुणाशी वाटून न घेणारी,
फेलिशिया