दोलमोरीकरांना माझा रामराम

३ सप्टेंबर
आजपासून दोलमोरी ग्राममंडळाशी (ओसाका शाखा) संबंध संपला. उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. कारण तात्त्विक. क्रीडामेळाव्यात माझं भाषण अर्ध्या तासाचं असावं, एवढंच सुचवलं होतं. यांग दोंग-सिक म्हणाला, "दादा, तोवर रस्सीखेचवाले म्हातारे होतील." सगळे खिदळले. कोरियातल्या जेजू बेटावरून समुद्र ओलांडून आलेले लोक! बेडूक आले ते विहीरही उचलून घेऊन आले.

मनधरणीला रीघ लागणार. ओक-जाला चांगले कप काढून ठेवायला सांगितलं. बायको आहे, पण एका हाकेत ऐकत नाही.

६ सप्टेंबर
कोणी आलं नाही. धक्क्यातून सावरले नसावेत.

१० सप्टेंबर
माझ्या जागी दोंग-सिक. बिनविरोध. अनुमोदन कोणाचं? ओक-जाचं! जाब विचारला. म्हणते, "संबंध तुमचा तुटला. मला किमची घालायला चार बायका लागतात." चांगले कप मीच परत कपाटात ठेवले.

१७ सप्टेंबर
वादळात माझ्या चपलांच्या कारखान्याचं छप्पर उडालं. निश्चय: गावातल्या एकालाही कळवायचं नाही. बाहेरचा कंत्राटदार. प्रोफेशनल काम. कंत्राटदार म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

१८ सप्टेंबर
सकाळी जाऊन पाहतो तर छपरावर दोंग-सिक आणि अर्धं गाव. बोलावलं कोणी? कोणीच नाही म्हणे. ताडपत्री कोणाची यावरून दिवसभर भांडले, पण पत्रे ठोकून झाले. देखरेख मी केली.

एकच घोटाळा. मासळीवाली गो मावशी पाणी उपसायला आत शिरली. मशीनवर बोट फिरवून धूळ पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे ग्योंग-हो, तुझा माल तर युरोपला जातो ना?" स्लॅक सीझन आहे, असं सांगितलं.

१९ सप्टेंबर
जेजूहून ताईचा फोन. "दोन वर्षं काम नाही म्हणे तुला?" छी! दुसऱ्याच्या ताटात डोकावल्याशिवाय या जमातीच्या घशाखाली घास उतरत नाही.

२५ सप्टेंबर
ऑर्डरींचा नुसता पाऊस! गो मावशीचे सहा जोड. न्हाव्याच्या अख्ख्या घरादाराला. दोंग-सिकनं तर रस्सीखेचीच्या दोन्ही संघांसाठी सांगितले. शेवटी क्वालिटीची कदर झालीच. ओक-जा काहीतरी बोलणार होती, मग मशीनवरची धूळ पुसायला लागली. तळ चिकटवायचं सोल्युशन जुनं आहे, पण जुनं ते सोनं.

१२ ऑक्टोबर
क्रीडामेळावा. जिकडे पाहावं तिकडे माझ्या चपला. ऊर भरून आला. शिट्टी झाली, रस्सीखेचीत सगळ्यांनी जोर लावला. माणसं मागे गेली, चपलांचे तळ जागेवरच राहिले. दोंग-सिक पाठीवर उताणा.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. शेजाऱ्याच्या शिंकेवर आठवडाभर चर्चा करणारे हे लोक! मुकाट्यानं तळ गोळा केले आणि अनवाणी खेळले.

१३ ऑक्टोबर
गो मावशी आली. ती तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, मैदानच निकृष्ट होतं. ती "हो" म्हणाली. माझ्या म्हणण्याला ती जन्मात पहिल्यांदा हो म्हणाली असेल.

मग आणखी सहा जोड सांगितले. मी वही काढली, मापं विचारली.

म्हणाली, "कुठलंही माप घे रे. घालायच्या थोड्याच आहेत?"