मुलीचं नाव आन

बाबा,

तुमच्या लांबच्या लेकीचा नमस्कार. मी सुखरूप आहे, मुलगी झाली. तंबू कोरडा आहे, भात वेळेवर मिळतो. तुमचा खोकला कसा आहे?

भूकंपात घर कोसळलं आणि त्यात तुमचा जावई वेइचांग गेला, हे दादाने सांगितलंच असेल. मी अजून रडलेले नाही. काळजी करू नका, बाळाला दूध पुरतंय.

मुलगा होवो की मुलगी, नाव त्यानेच ठरवून ठेवलं होतं: आन. म्हणजे शांत, सुखरूप. ते चिनी अक्षर लिहिताना वर छप्पर काढतात आणि खाली बाई. "घरात बाई निवांत बसली की झालं आन. तू कधी बसणार?" असं म्हणून तो मला चिडवायचा.

सासूबाई मात्र भडकल्या. "छपराखालीच माझा पोरगा गेला! तेच पोरीच्या डोक्यावर लिहितेस होय गं?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल ते ठेवू." मला खरंच काही वाटत नव्हतं.

काल जन्माची नोंद करायला एक बाई आल्या. त्यांनी नाव विचारलं, तर मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी बाळ माझ्याकडून ओढूनच घेतलं. "आन लिहा," त्या म्हणाल्या. "बापाने ठेवलंय. त्याचं दुसरं काही उरलं नाही आमच्याकडे." मग बाळाला तंबूबाहेर नेऊन त्या नावाने हाका मारत बसल्या. मी आत ऐकत होते.

आईला सांगा, मी जेवते. रस्ता अजून बंद आहे, घाईने निघू नका.

उघडला की मात्र या, बाबा.

तुमची,
श्यूनिंग