साठ म्हणेपर्यंत

४ जानेवारी
आज परभणीत हृदयाच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले. डॉ. नचिकेत साधे वाटले. सविता सिस्टरने घरचा हुरडा आणला होता. लय वाळलात ताई, खा, म्हणून ओंजळ भरली. सासूबाई पार्वतीबाईंना, म्हणजे आत्यांना, भाड्याच्या खोलीतला नळ आवडला. माझे यजमान आदिनाथ गेले त्याला अकरा महिने झाले. आज पहिल्यांदाच डबा संपवला.

८ जानेवारी
कामाची पद्धत लिहून ठेवते. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून दाब मोजणारी बारीक तार पुढे सरकवतात. मग फुगा फुगवून ती वाट एक मिनिट पूर्ण बंद करतात. तरीही पलीकडे जो दाब उरतो, तो शेजारच्या वाहिन्यांतून आडवाटेने आलेल्या रक्ताचा. आडवाट चांगली असेल तर हृदयविकाराच्या झटक्यात माणूस तगतो.

काचेच्या अलीकडे बसून सेकंद मी माईकवर मोजते. यंत्रात घड्याळ आहे, पण आवाजाने रुग्णाला धीर येतो. डॉक्टरांचे डोळे चित्रावर असतात. मी साठ म्हटले की ते फुगा सोडतात.

आदिनाथांना आडवाट नसावी. मानवतच्या घरी चार मिनिटांत सगळे संपले.

१५ जानेवारी
आज गंगाखेडचे योगीराज गुरुजी टेबलावर होते. वाट बंद केल्यावर पलीकडची रेघ जवळजवळ सपाट झाली. मग तिच्यावर बारीक ठोके उमटले. तीन ठोके, एक खाडा. गुरुजींचा स्वतःचा ईसीजी वरच्या पट्टीत नीट चालला होता.

आदिनाथांचा ठोका असाच चुकायचा. त्यांचा ईसीजी मीच काढला होता, तो या वहीत आहे. शेजारी धरून पाहिला. फुगा सुटला आणि ठोके गेले. डॉक्टर म्हणाले, तार हलली असेल.

२१ जानेवारी
आणखी तिघांत दिसले. वाट बंद असेपर्यंतच.

आज चाळीसनंतर मी हळू मोजले. घड्याळात त्र्याऐंशी झाले होते. कुणाला कळले नाही. नंतर ते रुग्ण, तात्याराव, सविताला सांगत होते, आत कुणीतरी बसलंय बाई, दार लावूनच ठेवा म्हणायलाय. सविता हसली. गुंगीत बडबडायलेत म्हणाली.

२९ जानेवारी
एकशे दहा सेकंद. विमलाबाईंचे हृदय थांबले. विजेचा झटका दिल्यावर परत आल्या. नोंदीत मी साठ लिहिले.

राजीनामा लिहिला. दिला नाही.

२ फेब्रुवारी
आत्यांच्या छातीत दुखले. उद्या त्या टेबलावर. दुसरा तंत्रज्ञ रजेवर आहे.

त्यांना सगळे सांगून टाकले. वाटले, शिव्या देतील. त्यांनी वहीतल्या ईसीजीवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, मला शेवटचा भेटला न्हाई तो. उद्या घाई करू नको.

मी साठ वेळेवरच म्हणणार. आता मला त्यांच्याशिवाय कोणी नाही.

३ फेब्रुवारी
वही समोर आहे. फुगा फुगवला. रेघ सपाट.

वीस. आले. तीन ठोके, खाडा. तीन ठोके —

चाळीस. घड्याळात सत्तर. एवढी हळू मी मोजत नव्हते —

काचेतून आत्या दिसतायत. ओठ काळे पडलेत. हसतायत.

सविता घड्याळाकडे बघतेय. डॉक्टर विचारतायत किती झाले. साठ म्हणायचे. साठ. तोंड उघडले —

माईकवर एक्केचाळीस ऐकू आले. आवाज माझाच.

एक्केचाळीस.

एक्केचा —