बोरीखालची टाकी

६ जानेवारी, मंगळवार

आज परत तोच वास! अस्मीला स्कूलबसपर्यंत सोडायला दार उघडलं आणि नाकात घुसलाच. अंगणाच्या कोपऱ्यातल्या झाकणाभोवती काळं पाणी. अस्मी खाली वाकून म्हणते, "डॅडी, इट्स बबलिंग!" जणू मी तिच्यासाठी कारंजं बसवून घेतलंय. चार वर्षांच्या पोरीला सगळ्याचंच कौतुक.

दुपारी आरोग्य विभागाची नोटीस आली. आमच्या या गावाबाहेरच्या वस्तीत ड्रेनेजची लाइन अजून पोचलेली नाही. प्रत्येक व्हिलाच्या अंगणात जमिनीखाली सेप्टिक टाकी. आमची आणि शेजारच्या हव्वाबींची, दोन्ही टाक्या धोकादायक ठरल्या. नव्या बसवा म्हणे. दोन्ही घरांचा अरबाब, म्हणजे मालक, एकच. तो कामाला लगेच तयार झाला, हे आश्चर्यच.

नोटिशीतलं एक वाक्य मात्र मला जाम आवडलं. जुनी टाकी पूर्ण उपसायची, वरची स्लॅब तोडायची, आत तळापासून वाळू गच्च भरायची — आणि वर फरशी बसवायच्या आधी इन्स्पेक्टरने स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. शाबास! शारजाच्या वर्कशॉपमध्ये मी इतकी वर्षं हेच बोंबलतोय. झाकायच्या आधी दाखवा! रंग मारलेल्या वेल्डकडे बोट दाखवून "सर, अंदर सब ठीक है" म्हणणाऱ्या वेल्डरला मी बाहेर काढलेलं आहे. क्यूसीवाला, म्हणजे क्वालिटी तपासणारा, गुणवंत म्हटलं की पोरं चहा टाकून उठतात. उठायलाच हवं.

८ जानेवारी

लियाकत नावाचा कॉन्ट्रॅक्टर बघून गेला. तोंडाने गोड. दर दोन वाक्यांना "इन्शाल्ला".

हव्वाबी भिंतीपलीकडून सूचना देत होत्या. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत, तिच्यावरून दिवसभर वाट्यांची देवाणघेवाण चालते. बाई दापोलीकडच्या. नवरा इथेच गेला, मुलं कॅनडाला. पण बाईंना हे घर सुटत नाही. सत्तरी उलटलीय, आवाज मात्र खणखणीत. अस्मी त्यांना नानी म्हणते आणि अर्धं जेवण तिकडेच जेवते.

त्यांच्या अंगणात सिद्रचं मोठं झाड. सिद्र म्हणजे आपली बोरच. आणि जुनी टाकी नेमकी त्या झाडाच्या सावलीत! हव्वाबी म्हणाल्या, "तरीच! एवढी वर्षं मी पाणी घालते म्हणून बोर फळते, असं वाटत होतं मला." आणि स्वतःच पोट धरून हसल्या.

१० जानेवारी, शनिवार

आमची टाकी उघडली. वास लिहिण्यासारखा नाही.

स्लॅब खालून पार खाल्लेली. लियाकतने सळईने टोचलं तर काँक्रीट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं गळून पडलं. गंजलेल्या सळया उघड्या. यावर आम्ही दोन वर्षं खुर्च्या टाकून बसलो! अस्मीची सायकल, तिची आई ईश्वरी आणि तिच्या भिशीच्या बायका, सगळं यावर.

अस्मी पुढे सरकली तसा लियाकत ओरडला, "बेबी को अंदर लो, सर! इसमें गॅस है. गिरा तो आदमी आवाज भी नहीं करता." मी तिला काखोटीला मारून आत नेलं. ईश्वरीला हे वाक्य सांगितलं नाही. मला मात्र ते जेवताना आठवत होतं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

रजा टाकली, कारण नव्या टाक्या बसल्या, आज दोन्हीकडच्या जुन्या टाक्या भरायच्या होत्या आणि इन्स्पेक्शन होतं. म्हटलं, मी स्वतः उभा राहीन. घरात गुळपोळ्यांचा घाट. एकीकडे तुपाचा वास, एकीकडे टाकीचा.

इन्स्पेक्टर म्हणून आली कोण, तर माहनूर नावाची तिशीची मुलगी! हैदराबादी आईवडिलांची, जन्म इथलाच. डोक्यावर हेल्मेट, हातात टॅब आणि पोट चांगलंच पुढे आलेलं, सातवा तरी असावा. गेटच्या आत आली, वास लागला आणि तिथेच भिंत धरून उभी राहिली. पांढरीफटक.

ईश्वरी धावत बाहेर. "अहो, तुम्ही आधी आत या! संक्रांतीच्या दिवशी दारात आलेली बाई, त्यातून पोटुशी, अशी उभी राहणार?" ती बिचारी म्हणत होती, "नहीं दीदी, पहले भरते हुए देखना है." पण ईश्वरीपुढे कुणाचं चाललंय! पंख्याखाली बसवलं, लिंबूपाणी दिलं, दारंखिडक्या लावून घेतल्या. मग तीळ, गूळ, तूप. मुलीने एक पोळी खाल्ली, मग दुसरी. म्हणाली, आज सकाळपासून पहिल्यांदा काही पोटात टिकतंय. तिसरी मीच वाढली. फार बरं वाटलं. परक्या मुलखात कुणाचे डोहाळे पुरवायला मिळतात!

बाहेर टिपरमधून वाळू ओतल्याचा आवाज, फावड्यांचा आवाज. तासाभराने ती उठायला लागली. ईश्वरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आप बैठो, मैं देखके आता हूँ. मेरा तो रोज का काम है, क्यूसी."

दारात गेलो. आमच्याकडे वाळू सपाट, माणसं त्यावर इंटरलॉकच्या फरशा लावायला बसलेली. भिंतीवरून हव्वाबींकडे नजर टाकली — तिथेही सपाट. लियाकतने अंगठा वर केला. मीही केला. हातात वाटी होती तिळगुळाची, ती त्याच्याकडे सरकवली.

आत येऊन सांगितलं, "दोनों फुल. मैंने देखा." माहनूरने टॅबवर टिक केली. जाताना डबा दिला बरोबर. गेटाजवळ वळून म्हणाली, "सर, आप जैसे लोग हों तो हमारा काम आसान हो जाए."

दिवस कसा गोड गेला!

१७ जानेवारी

सकाळी जोरदार पाऊस. इथे पाऊस म्हणजे आपत्ती. रस्त्यावर गुडघाभर पाणी, पंप लावलेले टँकर फिरतायत. आमच्या अंगणात मात्र थेंबभरही साचलं नाही. कुठे गेलं कळलंच नाही! ईश्वरी खूश. मी तिला वाळू, निचरा वगैरे यावर छोटंसं भाषण दिलं.

ठरलं — रथसप्तमीला, पंचवीसला, अस्मीचं बोरन्हाण. पाच वर्षांच्या आत करायचं असतं, म्हणजे हे शेवटचंच. अंगण नवंकोरं झालंय, अंगणातच करू. ईश्वरीने ग्रुपवर टाकलंसुद्धा. दुबईतल्या करामाहून तिची मैत्रीण तिच्या जुळ्यांना घेऊन येतेय. बोरं अर्थात हव्वाबींकडची.

१९ जानेवारी

अस्मीचा चेंडू कुठेही सोडला तरी कोपऱ्यात जाऊन थांबतो. त्याच कोपऱ्यात.

२० जानेवारी

इंटरलॉकच्या फटींतून झुरळं वर येतायत. लालभडक, मोठी. जमीन भरलेली असेल तर ही येतात कुठून?

लियाकतला फोन केला. "सर, मिट्टी बैठती है, नॉर्मल है." हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. वर्कशॉपमध्ये असतो तर त्याला तिथल्या तिथे उभा सोलला असता. घरी होतो, म्हणून "ओके, हबीबी" म्हणून ठेवून दिला.

२१ जानेवारी, बुधवार

लवकर घरी आलो. ईश्वरी अस्मीला घेऊन डान्सक्लासला गेलेली. कोपऱ्यातली एक फरशी उचकटली आणि वर्कशॉपमधून आणलेली सळई वाळूत घातली.

वीतभर वाळू. मग टक् — स्लॅब. जुनीच, तोडलेलीच नाही. जरा जोर दिला. सळई स्लॅबमधून आरपार गेली, खाली खालीच गेली. कशाला लागलीच नाही. मी घाबरून हात मागे घेतला. भोकातून वास आला, तो दहा तारखेचा.

रिकामी आहे. वरून वाळू पसरून ठेवलीय हरामखोरांनी. आणि मी तिच्याकडे बघून अंगठा वर केला. मी! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला माणसांतून उठवलं असतं.

फरशी परत बसवली. गाडी अंगणात घेऊन त्या कोपऱ्याच्या अलीकडे आडवी लावून ठेवली, तिकडे कुणी जाऊ नये म्हणून. ईश्वरीने विचारलं तर म्हटलं, टायरमध्ये हवा कमी आहे.

२२ जानेवारी

लियाकतला त्याच्या साइटवर जाऊन गाठलं. आधी कसमा खाल्ल्या, मग रडकुंडीला आला. "सर, सच बोलता हूँ. रेत का एक ही गाडी आया. आपका वाला रह गया. वो अम्मा अकेली रहती है ना, इसलिए पहले उनका फुल किया. अल्ला कसम, नीचे तक."

मी विचारलं, नक्की? म्हणाला, माझीही आई आहे.

सोमवारी येऊन आमची स्लॅब तोडतो, भरतो, तुम्ही उभे राहा म्हणाला. माहनूरला आत्ताच कळवतो म्हटल्यावर त्याने माझा हातच धरला. "मॅडम को मत बोलो, सर. उनका तो बच्चा आनेवाला है, नौकरी जाएगी. और... 'देखा' तो आपने ही बोला था ना." हे शेवटचं त्याने फार हळू सांगितलं.

गाडीत येऊन बसलो. माहनूरचं नाव दोनदा फोनवर काढलं. दोनदा बंद केलं.

२३ जानेवारी

ईश्वरीला अर्धंच सांगितलं — फरशा खचतायत, सोमवारी दुरुस्ती आहे, अंगणात कार्यक्रम नको. ती भडकली. "परवावर आलंय, गुणवंत! हॉलमध्ये वीस माणसं कोंबू?" तिचा आवाज भिंतीपलीकडे गेलाच.

"अरे, मग माझं अंगण काय ओस पडलंय?" हव्वाबी. "बोरं माझ्या झाडाची आणि बोरन्हाण तुमच्याकडे, हेच मला पटत नव्हतं. झाडाखाली पाट मांडू. वरूनही बोरं पडतील पोरीच्या अंगावर!" अस्मी टाळ्या पिटत, "येस! अंडर नानीज ट्री!"

ईश्वरीने भिंतीवरूनच त्यांना मिठी मारली. मी हसलो. त्या झाडाखालीच त्यांची जुनी टाकी.

पण लियाकत म्हणाला ना, खालपर्यंत भरलीय. आमची राहिली, हे त्याने कबूल केलं. मग दुसरं खोटं कशाला बोलेल?

२४ जानेवारी, शनिवार

हव्वाबींकडे जाऊन आलो. झाडाखालच्या फरशा सरळ आहेत. खचलेल्या नाहीत. पाय आपटून बघितला. पक्कं वाटलं. दुसऱ्यांदा जोरात आपटला तर त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "काय रे, नाचाची प्रॅक्टिस?"

सळई गाडीत होती. आणायला गेलो. डिकी उघडली, बंद केली. काय सांगू त्यांना? तुमची टाकी भरलेली मी बघितली म्हणालो होतो, आता भोक पाडून बघतो? मग ईश्वरीला कळणार, माहनूरला कळणार, वस्तीभर होणार. क्यूसीवाला गुणवंत!

पाऊस पडला तेव्हा त्यांच्या अंगणात पाणी साचलं होतं का? आठवत नाही. विचारलं तर हव्वाबी म्हणाल्या, "नाही बाबा, यंदा जरासुद्धा नाही. काम चांगलं केलं त्या माणसाने."

ईश्वरी हलव्याचे दागिने ओवत बसलीय. अस्मी काळं झबलं घालून आरशासमोर गिरक्या घेतेय.

उद्या माहनूरपण येणार आहे. ईश्वरीने बोलावलंय, आग्रहाने.

२५ जानेवारी, सकाळी

बोरं, चुरमुरे, ऊस, चॉकलेटं — परात भरून तयार. मुलं आत्तापासूनच भिंतीवर चढून बसलीत. हव्वाबींनी पाट ठेवला, अगदी बुंध्याशी. मी म्हटलं, जरा बाजूला घेऊ या का, दाराजवळ? त्या म्हणाल्या, सावली इथेच आहे.

सावली तिथेच आहे, हे खरं.

२६ जानेवारी

अस्मीला खरचटलंसुद्धा नाही. परात ओतली, मुलं धावली, तेवढ्यात फरशा हलल्या. हव्वाबींनी आधी तिला पाटावरून उचलून ईश्वरीच्या अंगावर फेकलं, मग जुळ्यांना ढकललं. तिथून हलायला त्यांना स्वतःला वेळच उरला नाही.

खालून आवाज आला नाही. लियाकत म्हणाला होता, तसंच.

माहनूर तिथेच उभी होती. बोरं सगळीकडे. ओरडली नाही, रागावलीसुद्धा नाही. फक्त विचारलं, "सर, आपने देखा था ना?"

मी भिंतीकडे बघत राहिलो. कमरेएवढी तर आहे. त्या दिवशी ओलांडून गेलो असतो.