सुनावणीचा माईक

अब्बा, तुमच्या दुकानाचा कायदा परवा मी भर मांडवात मोडला, आणि वेळ आली तर पुन्हा मोडायची माझी तयारी आहे. हे तोंडावर ऐकायला तुम्ही हवे होतात. आधी डोळे वटारले असतेत, मग हसला असतात. घरात आपली बोली दख्खनी, पण गिऱ्हाइकाशी तुम्ही मराठीच बोलायचात आणि मलाही मराठी शाळेत घातलंत, म्हणून ही भांडणाची गोष्ट मराठीतच लिहितेय.

उदगीरचं आपलं माईकचं दुकान अजून चालू आहे. भोंगे गेले, साउंडच्या पेट्या आल्या, पण मशीन लावायची रीत तुमचीच. मी लहान आहे, मोंढ्याजवळ कुणाचं तरी लग्न आहे, तुम्ही तार जोडताय आणि मी माईक उचलून त्यात माझं नाव ओरडते. सगळा मांडव हसतो. तुम्ही हसत नाही. "बेटी, माईक आपला, पर बोलणं लोकांचं," तुम्ही म्हणता. "आपण एकदा आवाज लावायचा आन् हात काढून घ्यायचा. सरपंच बोलो का सालगडी, बटनाला बोट लावायचं न्हाई." मी लई रडले होते. संध्याकाळी तुम्ही गरम जिलेबी आणलीत, पण कायदा काही सैल केला नाहीत.

परवा तुमच्या लाडक्या बहिणीच्या गावात, आमच्या फुप्पीच्या, जळकोटच्या पुढं, जनसुनावणी होती. जमिनीखाली गॅस आहे का ते बघायला एका कंपनीला फुप्पीच्या विहिरीला लागून असलेल्या रानात खोल बोअर मारायचाय. त्याला परवानगी द्यायची का, हे जिल्ह्याचे साहेब गावाला विचारणार होते. माईक आपला. साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की माईकवर बोललं जाईल तेवढंच नोंदीत जाईल. आणि आपले लोक बघा अब्बा! बोअर म्हटल्यावर अर्धं गाव नारळ घेऊन आलेलं. आपल्याकडं बोअर मारतात तो पाण्यासाठी, दुसऱ्या कशासाठी कुणी जमीन पोखरेल हे कुणाच्या मनातच येत नाही. गॅस निघो न निघो, एवढं खोल गेल्यावर पाणी तर लागंलच, असं सगळे धरून चाललेले. उन्हाळ्यात सगळी वस्ती फुप्पीच्या एका विहिरीवर जगते, मग आणखी पाणी कुणाला नकोय?

मी मात्र सकाळी मशीन जोडताना मागं खुर्च्यांवर बसलेल्या कंपनीच्या माणसांचं बोलणं ऐकलं होतं. पाण्याचा थर लागला की लोखंडी पाइप घालायचा, सिमेंटनं तो थर बंद करायचा आणि खाली जायचं. त्यांच्या कामाची ती रीत असेल, त्याचा मला राग नाही. राग आला तो पुढं.

फुप्पी उठली. कंबर वाकलीय, पण आवाज तोच. "साहेब, बोअरला पाणी लागलं तर आमच्या वस्तीला द्याल का?" कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "आजी, आधी काम तर होऊ द्या, मग बघू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! फुप्पीनं मात्र माईक सोडला नाही. "बघू म्हंजी काय? हाव म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. आन् माझी इहीर नासली तर मी कुणाच्या दारात जाऊ?" तसा तो माझ्याकडं वाकला. "ताई, यांचा आवाज कमी करा, शिट्टी मारायलाय." माझं मशीन आणि शिट्टी! वा रे वा! "आमच्याकडं बोलणाऱ्याचा आवाज कमी करत नाहीत," मी म्हणाले. तर म्हणतो कसा, "भाडं आम्ही देतोय."

माझं डोकं फिरलं. उठले आणि फुप्पीच्या हातून माईक घेतला. माईकनं एकदा अशी शिट्टी मारली की पुढच्यांनी कान झाकले. मी म्हणाले, "हा पाण्याचा बोअर न्हाई. पाणी लागलं तर ते सिमेंटनं बंद करून खाली जाणार हायत. खोटं असंल तर यांनी माईकवर सांगावं. आन् विहिरीची लेखी हमी मिळाल्याबिगर गावानं होकार देऊ नये." साहेबांनी त्या माणसाकडं बघितलं, आणि त्याला माईकवर यावं लागलं. "हो, तसंच करतात," तो म्हणाला. मग एकही नारळ फुटला नाही. माणसं हरकत सांगायला उठली, बायकाही उठल्या, आणि रांग पार माझ्या मशीनपर्यंत आली.

निकाल अजून यायचाय. कंपनीला परवानगी मिळेलही. पुढची सुनावणी लागली तर माईक दुसऱ्या कुणाचा तरी आणतील. आणू देत. मी रांगेत उभी राहून बोलेन, आणि फुप्पीनं तर आत्तापासून पदर खोचलाय.

हा कागद तुमच्या जुन्या माईकच्या पेटीत ठेवून देते, दुसरीकडं कुठं धाडू? माईकवर बोलले त्याची माफी मागत नाही. पण एक गोष्ट त्या मांडवात कुणालाच कळली नाही, तुम्हाला मात्र नुसतं ऐकून कळली असती. ती शिट्टी आपोआप वाजली नव्हती, अब्बा. बोलायला उठताना मी बटन पार शेवटपर्यंत फिरवलं होतं.