बॉनेटवरची पाच बोटं

रविवार, दिवेलागण. पुंडलिकनगर.

मिळाली! अकरा वर्षं शोधली ती लाल, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार आत्ता माझ्या फाटकात उभी आहे. मी मुंबई-पुणे पालथं घातलं, आणि ही बया बिडकीनला, बबनराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेळ्यांशेजारी बसलेली!

जमीन विकली तेव्हा त्यांच्या मुलानं हौसेनं घेतली, मग तो परदेशी गेला. गाडी तिथंच. इंजिन जाम असणार, असं धरूनच गेलो होतो. किल्ली फिरवली तर अशी गरजली, की शेळ्या दावं तोडायला लागल्या.

"उभ्या गाडीचं इंजिन इतकं ठणठणीत कसं?"

"दर अमावस्येला नारळ फोडून घंटाभर चालू ठेवतो की," बबनराव म्हणाले. "पोरगं नाय, गाडी तरी बोलली पायजे."

त्याच पूजेत त्यांची बायको बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं उमटवायची. दर महिन्याला, एकाच जागी. ती रंगात मुरलीत. मूळ रंग गेला म्हणून मी भाव पाडायला बघितला. "डाग" म्हणालो. का म्हणालो? त्यांचा चेहरा उतरला. भाव कमी केला, पण म्हणाले, "बोटं तेवढी घासू नका."

घरी येऊन हॉर्न वाजवला. आमची ही, सुनंदा, ओवाळायला ताट घेऊन बाहेर आली. मी "अगं, रंग!" म्हणेपर्यंत हिची ओल्या कुंकवाची बोटं थेट बॉनेटवर!

इतक्यात बबनरावांचा फोन. "पोचली का? बोटं हायेत ना?"

"आहेत," म्हटलं. "आता दहा झाली."