डावी लेन मोकळी आहे

प्रिय ड्वेनकाका,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते, विचारपूस नंतर. (आई म्हणते हे उलटं आहे. पण विचारपूस आधी केली की तुम्ही पुढचं वाचत नाही, असं इर्मा काकूने सांगितलंय.)

१. रविवारी मेपल क्रीकच्या सरळ पट्टीवर, दोन-दोन गाड्यांच्या शर्यतीत बाबा जिंकले.
२. अंतिम फेरीत त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये कोणी नव्हतं.
३. पहिल्या फेरीतही नव्हतं.
४. पहिल्या फेरीत, नसलेल्या माणसाची वाट बघताना, एक सिलिंडर गेलं.
५. बाबांना इजा नाही. इंजिनाला आहे.

आता विचारपूस. तुमचा गुडघा कसा आहे? मधमाश्यांनी यंदा मध किती दिला? इथे इंडियानात आम्ही सगळे ठीक आहोत. आईची पाठ दुखते, पण शर्यतीच्या दिवशी ट्रेलरमध्ये बारा माणसांचा स्वयंपाक करायचं ती सोडत नाही. आता आमची माणसं पाचच उरली आहेत, तरी स्वयंपाक बाराचाच होतो. उरलेलं मी आठवडाभर खाते.

शर्यतीबद्दल सविस्तर लिहायचं तर प्रेक्षकांपासून सुरुवात करावी लागेल. प्रेक्षकांतले बहुतेक सगळे तुमच्या ओळखीचे होते. यावरून ते किती होते हे तुमच्या लक्षात येईल. पट्टीचे मालक गार्विन यांनी सकाळी भोंग्यावरून विनंती केली की सर्वांनी कृपया कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला येऊन बसावं, म्हणजे टीव्हीवर गर्दी दिसेल. कल्पना तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. पण तिथल्या माणसांची बसायची जागा आजोबांच्या काळापासून ठरलेली आहे, हे गार्विन विसरले. ओपल बाईंनी तर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझा अर्ल इथेच बसायचा. एवढी हौस असेल तर कॅमेरा इकडे फिरव!" शेवटी कॅमेरा फिरवला. त्यामुळे टीव्हीवर दिवसभर ओपल बाई, त्यांची शिदोरीची पेटी आणि मागे मक्याचं शेत दिसत होतं.

गाड्यांचंही तेच. आमच्या वर्गात सोळा गाड्यांची जागा असते, आल्या सात. (मागे सोळात यायला तीस गाड्या झगडायच्या आणि तुम्ही दोघं भाऊ एकदा दोघेही बाहेर राहिला होतात, ही गोष्ट बाबा आजही अभिमानाने सांगतात. हरल्याचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही.) गार्विन यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की आमच्याकडच्या गाडीच्या जादा सांगाड्यात इंजिन नसलं तरी तो ओढत आणून आठवी गाडी म्हणून उभा करता येईल का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बघ बाई, बाप तुझा एकटा पडेल." त्यांना सातचा हिशोब म्हणायचा होता: सातात जोड्या लागत नाहीत, आणि सर्वांत वेगवान गाडीला पहिली फेरी एकटीनेच पळावी लागते. ती गाडी आमची होती.

एकट्याने पळायचं असलं की लेन निवडायची मुभा असते. डाव्या लेनची पकड उघडउघड चांगली होती. मी दोन्हींचं तापमान मोजून बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "उजवी."

मी म्हटलं, "कारण?"

"डावी राहू दे."

"कोणासाठी?"

त्यांनी हातमोजे घातले. हातमोजे घातले की त्यांना ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

पुढचं मी सुरुवातीच्या रेषेमागे उभी राहून पाहिलं, म्हणून खात्रीने लिहिते. बाबांनी टायर तापवले, मागे आले, हळूच पुढे सरकून खांबावरचा पहिला दिवा लावला, आणि थांबले. दुसरा दिवा लागला की गाडी सुटायला तयार; पण शेजाऱ्याने त्याचा पहिला दिवा लावल्याशिवाय आपण दुसरा लावायचा नाही, ही जुन्या माणसांची रीत. नियमपुस्तकात ती नाही, तुमच्या दोघांच्या गाड्यांत होती. फक्त या वेळी शेजारी कोणी नव्हतं. इंजिन धडधडत होतं, इंधन पाण्यासारखं जात होतं आणि बाबा बसले होते. निवेदक वेंडल आधी म्हणाला, "लॉइड प्रुइट एकाग्र होताहेत." मग म्हणाला, "फारच एकाग्र होताहेत." मग त्याच्याकडचं संपलं. शेवटी दिवे सोडणारा हॉलिस चालत गाडीसमोर गेला, रिकाम्या लेनकडे दोन्ही हात करून त्याने खांदे उडवले, जसं दुकानदार 'माल संपला' म्हणून सांगतो तसं. तेव्हा कुठे बाबांनी दुसरा दिवा लावला. तोवर एक सिलिंडर गेलं होतं. गाडी खोकत, एका बाजूला ओढत, कशीबशी पट्टीच्या टोकाला पोचली आणि अर्थातच जिंकली. वेंडल म्हणाला, "डाव्या लेनमधल्या हवेने आज जोरदार टक्कर दिली." ओपल बाईंनी टाळ्या वाजवल्या.

परतल्यावर हॉलिसने विचारलंच, "कुणाची वाट बघत होतास रे म्हाताऱ्या?"

"सवय," बाबा म्हणाले.

आई बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माणसाची वाट बघायची तर आधी माणसाला फोन करावा."

"त्याच्याकडेही नंबर आहे," बाबा म्हणाले आणि इंजिनाखाली शिरले.

उपांत्य फेरीत टेनेसीच्या एका पोराला बाबांनी खरोखर हरवलं. त्या फेरीतही ते थांबले होते. पोराला रीत ठाऊक नव्हती, तो गोंधळला आणि त्याचे टायर जागच्या जागी फिरत राहिले. अंतिम फेरीला प्रतिस्पर्ध्याच्या गाडीचं इंजिन सुरूच झालं नाही. म्हणून बाबा पुन्हा एकटे, पुन्हा उजवीकडून, पुन्हा थांबून. इतक्या वर्षांनी जिंकले. फोटोच्या वेळी डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून उभे राहिले. फोटोवाला सारखा "मध्ये या, मध्ये या" म्हणत होता. चषक त्यांनी मक्याच्या पिठातले सॉसेज तळणाऱ्या ब्यूला बाईंना देऊन टाकला. त्या त्यात कागदी रुमाल ठेवतात.

घरी येताना गाडीत म्हणाले, ऑक्टोबरची शेवटची शर्यत करू आणि गाडी विकू. एकट्यानेच पळायचं तर घरासमोर रस्ता आहे. सोमवारी मी पूर्ण गाडी उघडली आणि ते का थांबले याचं कारण शोधलं. क्लच ठीक आहे, ब्रेक ठीक आहे, दिव्यांचे संवेदक ठीक आहेत. यंत्रात कारण सापडलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वी याच पट्टीवर, तुमच्या दोघांच्या अंतिम फेरीत, बाबांनी तुमची वाट न बघता दोन्ही दिवे एकदम लावले. तुम्ही घाईत हरलात, गाडी ट्रेलरवर चढवलीत आणि न जेवता आयोवाला गेलात. (त्या दिवशीही स्वयंपाक बाराचा होता.) यावर माझं मत कोणी विचारलेलं नाही आणि मी देत नाही. रविवारी जे पाहिलं, तेवढं कळवलं.

काकूला नमस्कार.

तुमची पुतणी,
मार्नी

ता. क. : ऑक्टोबरच्या शर्यतीलाही आमच्या वर्गात सातच नावं आली आहेत. आठवी जागा मोकळी आहे.

ता. क. २ : काकूने मला तुमच्या कोठारातल्या गाडीचे फोटो पाठवले आहेत. (तिला रागावू नका, मी मागितले होते.) मागचे टायर कडक झालेत, त्यांवर पळू नका, मी घेऊन येईन. क्लचच्या चकत्याही आणते. बाकी गाडी, सहा वर्षं न वापरलेल्या गाडीच्या मानाने, संशयास्पदरीत्या स्वच्छ आहे. शर्यतीच्या परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी तुम्ही दरवर्षी करून घेता, हेही काकू म्हणाली. मी कारण विचारलं नाही.

ता. क. ३ : हे पत्र बाबांना न सांगता लिहिलं होतं. मी जेवायला गेले तेव्हा ते बाकावर उघडं राहिलं, मी परत आले तर बाबा चष्मा लावून वाचत होते. म्हणाले, "चौथ्या मुद्द्यात चूक आहे." मी म्हटलं, सिलिंडर एकच गेलंय, मी स्वतः पाहिलंय. म्हणाले, "ते नाही. 'नसलेल्या माणसाची' लिहिलंयस. तो आहे. आयोवात आहे." मग पाना पुसत म्हणाले, डाव्या लेनला पकड चांगली आहे, ती त्याचीच, आणि आपण थांबू, हे लिही. लिहिलं.

नावनोंदणी शनिवारी बंद होते. कृपया शुक्रवार, १९ सप्टेंबरपर्यंत हो किंवा नाही ते कळवा.